सतरा नंबरची पांढरी टोपी

माझी धाकटी बहीण आमच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि मी ताई झाले. त्याआधी साडेसहा वर्षं मी तिथे फिल्मवाल्या मॅडम होते. टिकली आली, पहिल्याच दिवशी भर कॉरिडॉरमध्ये "ताईऽ" म्हणून ओरडली आणि संध्याकाळपर्यंत अख्खा मजला मला ताई म्हणायला लागला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला भांडारवालासुद्धा. हसून सोडून द्यावी अशी गोष्ट, पण सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

टिकली हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी ठेवलेलं. आज ती चौतीस वर्षांची आहे, डॉक्टरेट आहे, माझ्याहून चार बोटं उंच आहे, तरी घरात टिकलीच. मी बेचाळीस. मला लाडाचं नाव कुणी ठेवलं नाही, जन्मतःच धष्टपुष्ट होते म्हणे.

गैरसमज नको म्हणून सांगते, मी बहिणीसाठी त्याग वगैरे काही केलेला नाही. मला पुढच्या शिक्षणाला दोनदा प्रयत्न करून प्रवेश मिळाला नाही, म्हणून तंत्रज्ञाच्या जागेवर लागले. तीही कंत्राटी, दर वर्षी नवा कागद. तिला पहिल्या झटक्यात प्रवेश मिळाला. त्यात तिचा काही दोष नाही हे मला माहीत आहे, पण माहीत असून उपयोग होत नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची बोटं माझ्याकडे आली. टिकलीला अजून सुईत दोरा ओवता येत नाही. पण घरात कौतुक कशाचं झालं, हे वेगळं सांगायला नकोच.

माझं काम असं. तांब्याचा पातळ पत्रा भट्टीत हजार अंशांवर तापवायचा आणि त्यावरून वायू सोडायचा, म्हणजे पत्र्यावर कार्बनचा थर धरतो. तो ग्राफीन. जाडी एका अणूची. त्याला आधार म्हणून प्लास्टिकचा लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवायचं, की उरलेली फिल्म पाण्यावर तरंगत राहते. दिवा तिरका धरला तरच दिसते. मग काचेच्या तंतूचं टोक पाण्यात बुडवायचं आणि फिल्मच्या खालून असं वर आणायचं, की ती बरोब्बर टोकावर बसली पाहिजे. टोक म्हणजे चिनी मातीची काडीएवढी नळी आणि तिच्या मधोमध केसाएवढी काच. श्वास रोखून करायचं काम आहे. दहातली सहा टोकं चांगली झाली तर तो दिवस चांगला.

टिकलीचं काम त्यापुढचं. ती तंतूचं एक कडं करते आणि लेझरचा प्रकाश त्यात गोल गोल फिरवते. वाटेत माझं टोक. ग्राफीनचा गुण असा, की मंद प्रकाश ते गिळून टाकतं आणि झगझगीत प्रकाशाला वाट देतं. मग प्रकाशाला संथ वाहून भागत नाही. तो एका जागी गोळा होतो आणि एकेक पल्स होऊन धावायला लागतो. ती पल्स किती छोटी असते? एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा. त्या कणभर वेळाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा पल्सने डोळ्याच्या आतलं कापता येतं, काच आतून कोरता येते, असं टिकली सांगते. मी पल्स कधी केली नाही. मी टोक करते.

माझ्या टेबलावर खाचांचा एक डबा असतो, खाचांना नंबर. टोक तयार झालं की सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची आणि वर टोपी घालून खाचेत ठेवायचं. चांगल्याला पांढरी टोपी, वाया गेलेल्याला लाल. हा नियम मी घालून दिलेला आणि आठ वर्षांत तो एकदाही चुकलेला नव्हता. म्हणूनच कुणी काही विचारत नसे. पांढरी दिसली की उचलायची.

त्या मंगळवारी सतरा नंबर माझ्या हातून फसला. फिल्म सरकली आणि कडेला गोळा झाली, मधली काच उघडी. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसत होतं. मी फोटो काढला, वहीत 'सतरा, वाया' लिहिलं आणि लाल टोपी घ्यायला हात घातला तर लाल टोप्या संपलेल्या. त्या महिन्यात तेवढी टोकं वाया गेली होती, त्याचाही मला राग होताच. भांडारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, उद्या बघतो." टोक धुऊन परत वापरायचं होतं, उघडं ठेवलं तर धूळ बसते. म्हणून मी वर पांढरी टोपी घातली. लक्षात राहील म्हटलं. आणि जेवायला गेले.

परत आले तर सतराव्या खाचेत टोक नाही. कुणी नेलं हे विचारायला नको होतं. माझ्या डब्यात न विचारता हात घालणारी एकच बाई त्या इमारतीत आहे. मी सरळ खाली लेझरच्या खोलीकडे निघाले. टिकली, थांब, ते रिकामं आहे, एवढंच सांगायचं होतं. देवाशपथ, तेवढंच मनात होतं.

दार ढकललं तर आत टाळ्या चाललेल्या. पडद्यावर पल्सची ओळ उभी, सगळ्या एका उंचीच्या, एका अंतरावर. आमच्या विभागप्रमुख बाई, ज्या कधी कुणाशी हात मिळवत नाहीत, त्यांनी टिकलीला मिठी मारली होती. दीड वर्ष चाललेलं काम झालं होतं. टिकलीनं मला पाहिलं, धावत आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुझा सतरा नंबर! लावला आणि पाती जरा फिरवली तर लगेच!"

बाई माझ्याकडे वळल्या. "हो, हो. यांचीही मदत झाली."

मदत. आठ वर्षं भट्टीपुढे उभी राहून माझ्या पापण्या विरळ झाल्या, आणि मदत. तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी गिळलं. "छान झालं गं," एवढंच म्हणाले आणि वर आले.

जिना चढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. टोकावर ग्राफीन नव्हतं, तरी पल्स आली होती. कशी आली तेही मला कळत होतं, आठ वर्षं या मंडळींच्या गप्पा ऐकून तेवढं कळतं. त्या कड्यात तीन पाती असतात, तंतूला पीळ द्यायला. पीळ नेमका बसला तर नुसता तंतूच ग्राफीनचं काम करून दाखवतो. तशी पल्स लहरी असते. खोली गरम झाली, कुणी टेबलाला धक्का दिला की गेली. ही फसगत या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पल्स मिळाली की पहिलं काम काय, तर रिकामं टोक लावून बघायचं. रिकाम्या टोकानंही पल्स आली तर फिल्मचं श्रेय शून्य. टिकलीनं ते केलं नव्हतं. करणार तरी कशी, ती आधीपासून रिकामं टोकच लावून बसली होती. आणि ते त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

जिन्यातच मला बरं वाटायला लागलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. मी वर जाऊन चहा केला आणि साखर जास्त घातली.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. हातात टोक धरलेला. खाली लिहिलेलं, 'आपण बनवलेल्या ग्राफीनच्या उपकरणासह'. आपण बनवलेल्या! रविवारी आम्ही दोघी घरी जेवायला जमलो तर बाबांनी तो फोटो कापून त्यांच्या जुन्या कामाच्या टेबलावर काचेखाली घातलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते रोज त्या टेबलाशी बसतात.

"एक घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडलं तर मला घास गोड लागायचा नाही," बाबा म्हणाले, "आणि या पोरीनं बघा! सेकंदाचा भुगा केला भुगा!"

"बाबा, टोक ताईचं होतं," टिकली म्हणाली.

"होय का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच कुतूहलानं पाहिलं, तेच तर जास्त लागलं. "म्हणजे तू तिथे नक्की काय करतेस गं?"

आई म्हणाली, "अहो, ती टोप्या घालते ना कशावर तरी."

टिकली खो खो हसली. मीही हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. भाजी वाढून घेताना मी मनाशी ठरवलं, की मी सांगणार नाही. आपणहून अजिबात सांगणार नाही. जाऊ दे हिला जितकं वर जायचंय तितकं.

आणि ती गेली. तिनं लेख लिहून पाठवला. तिच्यासाठी कायमची जागा निघाली. निवडसमिती तीन महिन्यांनी बसणार, बाहेरून परीक्षक येणार, पहिलं काम म्हणून हेच मांडायचं होतं. ते टिकलं तर जन्माची नोकरी, खोटं ठरलं तर या क्षेत्रात परत तोंड दाखवायला जागा नाही. एकच लेख चुकला म्हणून ज्यांचं नाव कायमचं गेलं असे दोनजण आमच्याच मजल्यावरून गेलेले मी पाहिले होते. मला सगळं कळत होतं. मी सतरा नंबरचा फोटो छापून घेतला, तारीख-वेळेसह, आणि फाईलमध्ये घातला. समिती फिल्मची खोली बघायला वर येणार होती. तेव्हा परीक्षकांच्या हातात तो निमूटपणे द्यायचा. टोपीची चूक माझी, पण साधी चूक, चूक कुणाचीही होते. न तपासता जगभर सांगत सुटणं ही तिची. असा माझा हिशेब होता.

या तीन महिन्यांत टिकली माझ्याशी वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती रोज यायची. माझ्या टेबलावर बसून पाय हलवायची, माझ्या डब्यातलं खायची, कुणाची नक्कल करून मला हसवायची. एकदा मी मुद्दाम विचारलं, "टिकले, टोक लावण्याआधी तू सूक्ष्मदर्शकाखाली बघतेस की नाही?"

"दुसऱ्यांची बघते," ती म्हणाली. "तुझी कशाला?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, कुठल्या तरी परिषदेचं भाषणाला आमंत्रण, आणि ती "ताई, ताई, ताई" करत खोलीभर नाचली. माझं तोंड मिटलं.

समितीच्या दोन आठवडे आधी ती अचानक गप्प झाली. माझ्या डब्यातलं खाईना. एक दिवस दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, पाच-सहा टोकं देशील? चांगली. घाई आहे."

"एकदम सहा?"

"लागतील." ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला वाटलं, समितीपुढे दाखवायला जादाची हवी असतील. मनात आलं, द्यावीत सगळी फसलेली. कुणाला कळणार होतं? मी पाण्यावरच्या फिल्मकडे बघत बसले. आणि बोटं आपली करायची तेच करायला लागली. वाकडं काम करायचं ठरवूनही मला ते करता येईना. उलट जास्तच नेटकं झालं. बावीस नंबर तर असा बसला की एक सुरकुती नाही, एक भोक नाही, आठ वर्षांत तसा झाला नव्हता. तो डब्यात ठेवताना मला रडू आलं. रागानं आलं. इतकं सुंदर टोक जाऊन जाऊन हिच्याच घशात जायचं होतं.

समिती सकाळी अकराला बसली. पाचजण. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे खिशाला चार पेनं लावलेले एक बारीक गृहस्थ, प्रश्नागणिक पेन बदलणारे. फिल्मबद्दल काही विचारायचं झालं तर असावी म्हणून मलाही मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर फाईल. टिकली उभी राहिली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सुरुवातीलाच सांगते. माझा पहिला निकाल मी मागे घेते."

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. बाई मात्र तशाच बसल्या होत्या. त्यांना तिनं सकाळीच सांगितलं असावं.

"लेख तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, फिल्मशिवाय काय होतं? मी रिकामं टोक लावलं. तीच पल्स आली. मग मी सतरा नंबर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला." पडद्यावर फोटो आला. मधली काच उघडी, फिल्म कडेला गोळा. माझ्या फाईलमध्ये होता तोच, फक्त तीन महिन्यांनंतर काढलेला. "यावर ग्राफीन नाही. ती पल्स तंतूच्या पिळाची होती. लेख मी परत घेतला आहे."

माझी फाईल क्षणात रद्दी झाली. मी तिच्यावर हात ठेवून बसले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला लुबाडल्यासारखं वाटलं.

"आता खाली चला," टिकली म्हणाली.

सगळे लेझरच्या खोलीत गेलो. कड्यात बावीस नंबर बसवलेला होता. तिनं चार पेनवाल्यांना सांगितलं, "पाती तुम्हीच फिरवा. कशीही." त्यांनी फिरवली, चांगली वेडीवाकडी फिरवली. तिनं लेझर चालू केला. पल्स आपोआप उभी राहिली. बंद केला, परत पाती फिरवली, परत चालू. पुन्हा पल्स. दहा वेळा केलं, दहाही वेळा. एकदा चार पेनवाल्यांनी टेबलाला गुडघा मारून पाहिला, मुद्दाम. पडद्यावरची ओळ हलली नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझं टोक काम करताना बघत होते. छाती भरून आली होती, ते कबूल करते.

"हे बावीस नंबरचं टोक माझ्या बहिणीनं केलेलं आहे," टिकली म्हणाली. "असं टोक दुसरीकडे कुठे होतं असं मला वाटत नाही. नव्या लेखावर तिचं नाव असेल."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बाईंनी मान लववली. जे मला आठ वर्षं हवं होतं ते असं भर खोलीत मिळालं, आणि तेही तिच्या हातून. वरून खाली दिल्यासारखं. गोड कसं लागावं?

चार पेनवाल्यांनी पेन बदललं. "एक राहिलं. सतरा नंबर वाया गेलेला होता, तर तो चांगल्यांमध्ये आला कसा? तुमच्याकडे टोप्यांची पद्धत आहे म्हणे."

"टोपी मी बदलली," टिकली म्हणाली. "घाईत होते, हाताला आली ती घातली. चूक माझी आहे."

पुढे जे झालं त्याला लोक नंतर प्रामाणिकपणा म्हणाले. तो नव्हता. मी त्या क्षणी एवढी जळले की डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबा हिचे, फोटो हिचा, टाळ्या हिच्या, दिलेलं श्रेयसुद्धा हिच्या मोठ्या मनाचं. सगळ्या गोष्टीत एक गोष्ट निखळ माझी होती, आणि तीही हिनं उचलली. माझी चूकसुद्धा.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला. "टोपी मी घातली. लाल संपल्या होत्या. चूक माझी आहे."

"ताई, राहू दे ना," टिकली हळूच म्हणाली.

"का राहू दे? माझं टेबल, माझा डबा, माझी टोपी."

चार पेनवाले माझ्याकडे बघायला लागले. त्यांना घाई नव्हती. "बरं. हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. दोन आठवड्यांपूर्वी म्हणता आलं असतं. कुणी शोधायला गेलं नसतं. पण माझं ते माझंच म्हणायला उभी राहिले होते, आणि एकदा उभं राहिल्यावर त्यातलं अर्धं कसं ठेवायचं ते मला सुचलं नाही.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "जेवून आल्यावर."

"म्हणजे तीन महिने?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?" हे बाईंनी विचारलं.

मी टिकलीकडे पाहिलं. ती पात्यांकडे बघत होती. "कारण ती पडावी असं मला वाटत होतं," मी म्हणाले.

चार पेनवाल्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बाकीचं आपण वरच्या खोलीत बोलू." सगळे गेले. आम्ही दोघी उरलो.

टिकलीनं लेझर बंद केला. किल्ली काढली, वहीत वेळ लिहिली, जे करायचं ते सगळं नीट केलं. मग म्हणाली, "दोन आठवडे मला घास उतरत नव्हता, ताई. लेखासाठी नाही. तुझी टोपी चुकली हे तुला सांगायचं कसं, याच्यासाठी. तुला किती लागेल ते. म्हटलं कळूच द्यायचं नाही. सहा टोकं मागताना तुझ्याकडे बघवत नव्हतं मला."

"टिकले..."

"आणि तुला माहीत होतं." ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, लहानपणापासून तेवढं मला जमतं. "तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस, ताई. रोज."

ती दार लोटून घेऊन गेली. जोरात आपटलं असतं तरी चाललं असतं मला.

जागा तिलाच मिळाली. मिळायलाच हवी होती, हे लिहिताना मी अजूनही दातओठ खाते. मला लेखी समज मिळाली आणि वर्षाचा नवा कागदही मिळाला. बावीस नंबर झाल्यावर मला कोण काढणार होतं! लेखावर माझं नाव यायचं ते येईल असं बाईंनी कळवलं. टिकलीनं ते काढायला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर मागणीचा कागद होता. बाकीचे सगळे विभाग फिल्म हवी असली की तो भरून पाठवतात. किती नग, कशासाठी, कधीपर्यंत. खालच्या लेझरच्या खोलीतून तो आजवर कधी आला नव्हता, खालून टिकलीच यायची. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, नग सहा, पंधरा दिवसांत. शेवटी शेरा म्हणून एक रकाना असतो, कुणीच भरत नाही. तिनं भरला होता. 'प्रत्येक टोकासोबत तपासणीचा फोटो जोडावा.'

मी सहा टोकं केली. पाच चांगली झाली, एक वाया. आणखी एक केलं. सहा फोटो काढले, तारीख-वेळ घातली, टोकांसोबत पाकिटात भरले आणि भांडारवाल्याच्या हाती खाली पाठवले. तासाभरानं पोच आली. खाली तिची सही आणि सहीखाली एक ओळ होती. 'सहाही टोके पुन्हा पाहिली. ठीक आहेत.'